सुपडाजी आणि पाव मजूर

पुस्तकं विकणारा माणूस गिऱ्हाइकाला "हे पुस्तक घेऊ नको" असं सांगतो, हे मी आयुष्यात एकाच दुकानात पाहिलं. ते दुकान जानेफळला होतं. शाळेच्या फाटकासमोर, पत्र्याचं, जरा एका अंगाला कललेलं. मालकाचं नाव सुपडाजी इंगळे. दुकानावर पाटी नव्हती. एकदा विचारलं तर म्हणाले, "शाळा हालत नाही, मी हालत नाही. पाटी कायले पाह्यजे?"

मी तेव्हा पुण्याच्या एका प्रकाशन कंपनीचा फिरता प्रतिनिधी होतो. महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. गावोगावी हायस्कुलं निघत होती आणि हायस्कूल निघालं की त्याच्या मागोमाग गाईड पोचायचं. बुलढाणा जिल्हा माझ्या वाट्याला आला होता. मलकापूरला रेल्वेतून उतरायचं आणि पुढचे पंधरा दिवस एसटीच्या बाकांवर कंबर मोडून घ्यायची. धामणगाव बढे, चिखली, साखरखेर्डा, मेहकर, जानेफळ. बॅगेत नमुना प्रती, खिशात ऑर्डरबुक आणि तोंडात कंपनीने पाठ करून घेतलेली स्तुती.

आमच्या गाईडचं वेष्टन लाल होतं, म्हणून सगळा जिल्हा त्याला लाल गाईड म्हणे. नागपूरच्या एका कंपनीचं निळं गाईड होतं. लाल आणि निळं एकमेकांच्या जिवावर उठलेली. खामगावच्या एका निवृत्त मास्तरांनी स्वतःच्या हिमतीवर काढलेलं एक पातळ पिवळं गाईडही बाजारात होतं, पण त्याची छपाई इतकी पुसट की ते आमच्या खिजगणतीतही नव्हतं.

पहिल्यांदा गेलो तेव्हा सुपडाजी गोणपाटावर मांडी घालून बसले होते. पन्नाशीचा माणूस, काटक, डोक्यावर गांधी टोपी आणि नाकावर दोऱ्याने कानाला बांधलेला चष्मा. शाळा चौथीपर्यंत झालेली. त्यानंतर कापसाच्या जिनिंगमध्ये पोती शिवली आणि त्यातून उठून हे दुकान टाकलं. मी स्तुती सुरू केली. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"थांबा साहेब. आधी मले वाचू द्या."

आणि ते खरोखर वाचायला लागले. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, पान उलटताना बोटाला थुंकी लावत. माझी मेहकरची गाडी गेली. पुढची गेली. दुकानात येईल ते पुस्तक आधी स्वतः वाचायचं आणि मगच विकायचं, असा त्यांचा नेम होता. भूमितीचं गाईडसुद्धा त्यांनी वाचलेलं असे. कळलं किती, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "कळलं नाही. पन कुठं नाही कळलं ते लक्षात हाये."

तासाभराने त्यांचं बोट एका जागी थांबलं. आठवीच्या गणिताचं पान होतं. पंधरा मजूर एक विहीर बारा दिवसांत खणतात, तर तीच विहीर सोळा दिवसांत खणायला किती मजूर लागतील? उत्तर छापलं होतं, सव्वाअकरा.

"साहेब," ते अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "अकरा मजूर तर समजले. हा पाव मजूर सकाळी येऊन जाते का दुपारून येते?"

मी पान पाहिलं. शाळेच्या पाठ्यपुस्तकात अठरा दिवस होते. आमच्या लेखकाने अठराचे सोळा केले होते आणि मग इमानेइतबारे आकडेमोड करून माणसाचे तुकडे पाडले होते. मी म्हटलं, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू. ती दुरुस्ती कधीच झाली नाही. पुढे दर वर्षी मी दुकानात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न ठरलेला असे, "काय म्हनते तुमचा पाव मजूर? तब्येत बरी हाये?"

एवढं होऊन त्यांनी ऑर्डर मात्र भरपूर दिली. मी चक्रावलो. तेव्हा त्यांची विकण्याची रीत पाहिली. समोरच्या फळीवर लाल, निळं आणि पिवळं अशी तिन्ही गाईडं सुतळीने बांधून ठेवलेली असत. पोरगं आलं की त्याने खाली बसायचं, एकच धडा तिन्हीत वाचायचा आणि मग बोलायचं. घाई चालत नसे. घाई असलेल्याला ते पेपरमिंटची गोळी देऊन वाटेला लावत. मी शेजारी बसलेला असतानाही ते बिनधास्त सांगायचे, "लालचं गनित कच्चं हाये. निळ्याचा इतिहास झोपवते. पिवळ्याचं सगळं बरोबर हाये, पन वाचाले डोळे तुझे लागतीन."

एकदा जवळच्या खेड्यातले एक गृहस्थ तणतणत आले. पोरगा नापास झाला होता, गाईड परत घ्या म्हणत होते. सुपडाजींनी गाईड हातात घेतलं, उजेडात धरलं. पहिली दहा पानं तेलकट झालेली, पुढची सगळी कोरी करकरीत. त्यांनी ते पुस्तक गृहस्थांसमोर उघडून ठेवलं.

"दहाव्या पानापावेतो तुमचं पोरगं पास हाये. पुढं ते गेलंच नाही, त्याले गाईड काय करन?"

गृहस्थ आधी भडकले, मग हसले आणि जाताना एक वही घेऊन गेले.

शाळेच्या हेडमास्तरांनी एकदा वाचनालयासाठी जाडजूड कादंबरी मागितली. सुपडाजींनी ती वाचली होती. म्हणाले, "घेऊ नका सर. सत्तर पानं झाली तरी हिरो घराबाहेर निघत नाही." हेडमास्तरांनी चिडून तीच घेतली. महिन्याभराने ते फाटकातून ओरडून म्हणाले, "सुपडाजी, निघाला हो, एकशे बाराव्या पानावर!" त्यावर दोघंही पोट धरून हसले. पहिल्या वर्षी मी त्यांना "साहेब" होतो, दुसऱ्या वर्षी "पुणेकर" झालो आणि तिसऱ्या वर्षापासून "काऊन बे" वर, म्हणजे थेट "का रे" वर आलो. ही बढती होती, हे मला फार उशिरा समजलं.

आणि मग एके दिवशी आमची कंपनी आणि नागपूरची कंपनी एक झाल्या.

पुण्याच्या ऑफिसात पेढे वाटले. इतकी वर्षं ज्यांच्या नावाने आम्ही बोटं मोडली, ते एकदम आपले झाले. मॅनेजरांनी आम्हा प्रतिनिधींना बोलावून दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की लाल आणि निळी दोन्ही गाईडं बाजारात राहतील, पण आतला मजकूर एकच असेल, लालचा. दोनदा टाईप जुळवायचा खर्च कशाला? मी विचारलं, कोणाच्या लक्षात आलं तर? मॅनेजर हसले. "खेड्यातला मुलगा दोन गाईडं शेजारी ठेवून कधी वाचतो का?" त्यांचं चुकलं नव्हतं. सगळ्या महाराष्ट्रात तसं एकच दुकान असेल, आणि ते नेमकं माझ्या जिल्ह्यात होतं.

दुसरी गोष्ट सांगताना त्यांनी दार लावून घेतलं. ज्या दुकानदाराला आमची गाईडं हवीत त्याने तिसऱ्या कोणाचंही गाईड दुकानात ठेवायचं नाही. ठेवलं तर माल बंद. "हे लिहून कुठेही द्यायचं नाही. तोंडी सांगायचं." आणि जाता जाता असंही म्हणाले की आता एकेका जिल्ह्याला दोन प्रतिनिधी झालेत, आमचा एक आणि नागपूरचा एक. वर्षअखेर त्यातला एकच राहील. माझ्या बायकोला तेव्हा सातवा महिना होता. मी मान डोलावली.

मे महिन्यात जानेफळला पोचलो. दोन्ही रंगांचे नवे गठ्ठे माझ्या आधीच येऊन पडले होते. सुपडाजी फळीवर लाल आणि निळं उघडून बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. हसून हसून.

"ये बे, ये! तुझा पाव मजूर निळ्यातबी कामाले लागला!"

निळ्या गाईडात आजवर अठरा दिवस होते आणि दहा मजूर होते. आता तिथेही सोळा दिवस आणि सव्वाअकरा. सुपडाजींनी एकेक धडा जुळवून पाहिला होता. स्वल्पविरामासकट सगळं तेच. आतून त्यांच्या पत्नी सरूबाई हसण्याचा आवाज ऐकून बाहेर आल्या आणि काय झालं ते समजल्यावर त्याही पदर तोंडाला लावून हसल्या. मीसुद्धा हसलो. हसता हसता सुपडाजींनी दोन्ही गाईडं मिटून ठेवली.

"म्हन्जे आता पोरगं दोन्ही वाचून पाहीन अन् चूक एकच करन. त्याले वाटन, दोघं म्हनून राह्यले तर बरोबरच असंन."

मी याच क्षणी ती अट सांगितली. दुसरा क्षण शोधला असता तर बरं झालं असतं. पिवळं गाईड काढावं लागेल, म्हणालो. त्यांनी पिवळं गाईड उचलून उघडलं.

"पिवळ्यात दहा मजूर हायेत," ते म्हणाले. "ते फेकू, अन् हा पाव ठेवू?"

"सुपडाजी, दुकान चालवायचंय ना?"

"काय विचार करून राह्यले तुमी?" सरूबाई नवऱ्याला म्हणाल्या. "शाळा उघडली अन् लाल-निळं नसलं तर या दुकानात खडू अन् पेपरमिंट राहीन. पोरं मेहकरले जातीन. मंग बसा पिवळं घेऊन."

त्या खरं तेच बोलत होत्या. शाळा उघडण्याचा तो एक महिनाच दुकानाला वर्षभर तारून नेई. हे मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं आणि पुण्याला मॅनेजरांनाही माहीत होतं. सुपडाजींनी एक रात्र मागून घेतली. सकाळी मी गेलो तेव्हा लाल-निळे गठ्ठे पुन्हा सुतळीने बांधून दाराशी ठेवलेले होते आणि फळीवर एकटं पिवळं गाईड होतं.

"घेऊन जाय बे तुझा माल. फळीवर काय ठेवाचं ते कंपनी मले सांगन, तं कंपनीनंच येऊन बसावं इथं."

माल बंद झाला. सुपडाजी मात्र गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. रद्दीच्या पेपरात त्यांनी वाचलं होतं की दिल्लीला एक नवीन कमिशन बसलंय आणि मोठ्या कंपन्यांनी बाजार अडवून धरला तर ते चौकशी करतं. त्यांनी मराठीत सहा पानी अर्ज लिहिला. सोबत तिन्ही गाईडं जोडली आणि त्या त्या पानात खुणेचा दोरा घातला. जानेफळच्या पोस्टमास्तरांनी पार्सलावरचा दिल्लीचा पत्ता पाहून विचारलं, "कोन नातेवाईक?" सुपडाजी म्हणाले, "पाहू, निघते का कोनी."

गाव हसलं. मीही हसलो, पुण्यात, मॅनेजरांच्या समोर. सहा-सात महिने काही झालं नाही. आणि मग एका दुपारी खरोखरच एक चौकशी अधिकारी एसटीतून जानेफळला उतरले. मूळचे सोलापूरचे, त्यामुळे मराठी बोलणारे. कंपनीलाही नोटीस होती. कंपनीने माझ्या हातात सही-शिक्क्याचा कागद देऊन मला पाठवलं. कागदावर लिहिलं होतं की अशी कोणतीही अट कंपनीने कधीही कोणाला घातलेली नाही.

सुपडाजींनी अधिकाऱ्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सगळ्यांना देत तशी तिन्ही गाईडंही दिली. "आधी वाचा साहेब, मंग बोलू." आणि त्या माणसाने वाचलं! पाव मजुरापाशी पोचल्यावर त्यांना हसू आवरेना. दुकानाबाहेर जमलेली मंडळीही हसली. मला वाटलं, झालं, सुपडाजी जिंकले.

मग अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला आणि शांतपणे समजावून सांगितलं. दोन कंपन्या एक झाल्या, हा काही गुन्हा नाही. एकच मजकूर दोन वेष्टनांत घातला, हे वाईट आहे, पण एवढ्यावर त्यांना काही करता येणार नाही. मात्र 'दुसऱ्याचं पुस्तक ठेवलंत तर आमचं मिळणार नाही' असं कंपनीच्या वतीने कोणी म्हटलं असेल, तर कमिशन कंपनीला ते थांबवायला लावू शकतं. मग हा माल उद्यापासून पुन्हा सुरू.

"असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी बाकावर बसलो होतो, पाट्यांच्या ढिगाशेजारी. सुपडाजींनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. पुस्तक पाहावं तसं, बोट धरून वाचल्यासारखं सावकाश.

"सांगनारा इथंच बसेल हाये, साहेब," ते म्हणाले. "नाव मी नाही घेनार. त्याच्या पोटावर माझ्या तोंडानं पाय द्याचा नाही मले. त्याले वाटलं तं तो बोलन."

अधिकाऱ्यांनी पेन उघडून धरलं होतं. सरूबाई आतल्या दारात उभ्या होत्या. एक वाक्य बोलायचं होतं. 'मी सांगितलं', एवढंच. मी बॅगेचा पट्टा सोडला आणि पुन्हा लावला. घरात तान्हं मूल होतं, जिल्ह्याला एकच प्रतिनिधी राहणार होता, हे सगळं मनात होतं आणि खरंही होतं. पण आज इतक्या वर्षांनी लिहिताना त्याच्या आड लपावंसं वाटत नाही. मला भीती वाटली आणि मी गप्प बसलो. अधिकाऱ्यांनी माझ्याकडून कंपनीचा कागद घेतला आणि फाईलला लावला.

पुराव्याअभावी अर्ज निकालात निघाला. जिल्हा माझ्याकडेच राहिला. मॅनेजरांनी पाठ थोपटली, तेव्हा मला त्यांचा हात झटकून टाकावासा वाटला होता, आणि मी तो झटकला नाही, हेही लिहून टाकतो.

जानेफळला माल जात नसल्याने तिथे उतरायचं मला कारण राहिलं नाही. मनातून मी सुटलो असंच म्हणायला हवं. इतर दुकानदारांकडून बातम्या कळत. अर्ध्या दुकानात सरूबाईंनी बांगड्या आणि रिबिनी मांडल्या म्हणे. उरलेल्या अर्ध्यात वह्या, पेनं आणि पिवळं गाईड. पोरं मेहकरहून लाल-निळं घेऊन येत आणि अडलं की सुपडाजींकडे तपासायला नेत. ते फुकट तपासून देत, चुका सांगत आणि हसत. हे ऐकून धामणगावचा दुकानदार म्हणाला, "माणूस येडा हाये बाप्पा." मी त्याच्याकडून लाल-निळ्याची ऑर्डर लिहून घेतली.

वर्षभराने खामगावहून मेहकरला जाणाऱ्या गाडीत खिडकीशी बसलो होतो. गाडी जानेफळला थांबली. मी मुद्दाम दुसरीकडे पाहत होतो. तेवढ्यात खिडकीच्या पत्र्यावर थाप पडली.

"काऊन बे! उतरत नाही?"

सुपडाजी. टोपी तीच, चष्म्याचा दोरा नवा. गाडी निघेल, असं मी काहीतरी पुटपुटलो. त्यांनी कंडक्टरला हाक मारली, "पाच मिनिटं थांब रे, आपला पावना हाये," आणि कंडक्टर खरंच थांबला. ते समोरच्या हॉटेलातून चहाचा ग्लास घेऊन आले आणि खिडकीतून माझ्या हातात दिला.

"पोरगी कशी हाये तुझी? चालाले लागली?"

मुलगी झाली हे यांना कोणी सांगितलं कोण जाणे. चालते, म्हणालो. दुकानाचं विचारलं, तर म्हणाले चाललं आहे, बांगड्यांनी तारलं, सरू मालकीण झाली आणि मी नोकर. म्हणाले आणि मोठ्याने हसले. त्या हसण्यात खोट नव्हती. मला ते सहन होईना. चहा अर्धा राहिला होता.

"सुपडाजी," मी म्हणालो, "त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं."

मला वाटलं होतं, जाऊ दे बे, झालं ते झालं, असं काहीतरी म्हणतील. चहा पाजणारा दुसरा कोणीही तेच म्हणाला असता.

"हाव," ते म्हणाले. "बोलाले पाह्यजे होतं."

आणि त्यांनी ग्लासासाठी हात पुढे केला. मी उरलेला चहा घाईघाईने संपवून ग्लास दिला. त्यांनी कंडक्टरला खूण केली, गाडी हलली, आणि ते ग्लास हातात घेऊन हॉटेलाकडे चालत गेले.